क्रमवारीत मागे पडलेला अर्ज : ब्रिटनमधील वैद्यकीय गुणवत्ता पुरस्काराच्या नामनिर्देशनाचे एक प्रकरण

इंग्लंडच्या मध्य भागातील एका जिल्हा रुग्णालयात कन्सल्टंट, म्हणजे ज्येष्ठ विशेषज्ञ, भूलतज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरांनी २०१९ मध्ये राष्ट्रीय ‘क्लिनिकल एक्सलन्स अवॉर्ड’साठी अर्ज केला आणि भूलशास्त्रातील आमच्या उपशाखेच्या सोसायटीकडे, म्हणजे त्या विषयातील डॉक्टरांच्या संघटनेकडे, नामनिर्देशन मागितले. आम्ही त्यांचे नाव पुढे पाठवले नाही. त्या वर्षी मी सोसायटीच्या पुरस्कार समितीत होतो. सात जणांनी सगळे अर्ज स्वतंत्रपणे वाचले होते, गुण दिले होते, बैठकीत दोन तास चर्चा केली होती. नियमांच्या दृष्टीने त्या निर्णयावर बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही तो निर्णय चुकला होता, हे मला काही महिन्यांनी एका रात्रपाळीत, माझ्याच रुग्णालयातल्या एका कपाटाचे दार उघडल्यावर कळले. तो कसा चुकला आणि पुढे काय झाले, हे येथे सविस्तर मांडतो आहे. संबंधित डॉक्टरांनी हा मजकूर वाचून संमती दिली आहे. त्यांची, त्यांच्या रुग्णालयाची आणि आमच्या सोसायटीची ओळख पटेल असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत.

पुरस्कार म्हणजे नेमके काय

मराठी वाचकाला डॉक्टरांचा पुरस्कार म्हटला की शाल, श्रीफळ, मानपत्र आणि आप्तेष्टांनी भरलेले सभागृह आठवते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतला, म्हणजे एनएचएसमधला, हा पुरस्कार त्या प्रकारचा नाही. तो डॉक्टरांच्या मिळकतीचा भाग आहे, आणि म्हणूनच त्याच्या नामनिर्देशनात झालेली चूक नुसती मनाला लागून थांबत नाही. १९४८ मध्ये एनएचएस सुरू होत असताना, खाजगी व्यवसायात चांगली कमाई असलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांना सरकारी सेवेत आणायचे कसे, हा मोठा प्रश्न होता. सर विल स्पेन्स यांच्या समितीने त्यावर असा तोडगा सुचवला की मूळ वेतनश्रेणी सर्वांना एकच असावी आणि विशेष गुणवत्तेसाठी तीन स्तरांवर जादा रक्कम द्यावी : ४ टक्के डॉक्टरांना वर्षाला २५०० पौंड, १० टक्क्यांना १५०० पौंड आणि २० टक्क्यांना ५०० पौंड. म्हणजे दर तिघांपैकी एकाला काही ना काही मिळावे, अशी ती कल्पना होती. पुरस्कार समितीचे पहिले अध्यक्ष चर्चिल यांचे डॉक्टर लॉर्ड मोरान होते आणि त्यांनी १९६२ पर्यंत हे काम पाहिले. पुरस्कार कोणाला मिळाला हे कित्येक वर्षे गुप्त ठेवले जाई. एकाच विभागात शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यालाही दुसऱ्याची श्रेणी माहीत नसे. नावे ठरत ती ज्येष्ठांच्या मतावरून, आणि ज्येष्ठांचे मत बनत असे ओळखीतून. गुप्तता पुढे गेली, अर्जाचे नमुने आले, गुणांकन आले; पण ‘हा माणूस आपल्याला माहीत आहे का?’ हा पहिला प्रश्न समित्यांच्या मनातून पूर्णपणे गेला नाही, असे मी स्वतः समितीत बसून पाहिले आहे.

२००३-०४ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी नवी योजना आली. आमच्या प्रकरणाच्या वेळी राष्ट्रीय पुरस्काराचे चार स्तर होते आणि त्यांची वार्षिक रक्कम अशी होती : ब्राँझ ३६,१९२ पौंड, सिल्व्हर ४७,५८२, गोल्ड ५९,४७७ आणि प्लॅटिनम ७७,३२०. पुरस्कार पाच वर्षांसाठी असे. इंग्लंडमध्ये कन्सल्टंटांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास असताना वर्षाला नवे राष्ट्रीय पुरस्कार सुमारे ३०० दिले जात. अर्ज डॉक्टरांनी स्वतःच करायचा, रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने तो प्रमाणित करायचा, आणि मग प्रादेशिक उपसमितीने गुण द्यायचे. या उपसमितीत निम्मे सदस्य डॉक्टर, एक चतुर्थांश व्यवस्थापनाकडचे आणि एक चतुर्थांश सामान्य नागरिक असत. अर्जाचे पाच विभाग होते : दर्जेदार सेवा देणे, सेवा विकसित करणे, नेतृत्व आणि व्यवस्थापन, संशोधन आणि नवोपक्रम, अध्यापन आणि प्रशिक्षण. प्रत्येक विभागाला ०, २, ६ किंवा १० असेच गुण देता येत. करारात लिहिलेले काम नीट केले तर २, त्यापलीकडे जाऊन केले तर ६, खरोखर असामान्य असेल तर १०.

ही पट्टी लक्षात ठेवावी लागेल, कारण सगळे प्रकरण तिच्यावर फिरते. २ आणि ६ यांच्या मध्ये काही नाही, ६ आणि १० यांच्या मध्येही नाही. वाचणाऱ्याने एका विभागात हात आखडता घेतला तर चार गुण जातात, दोनदा घेतला तर आठ. आणि पन्नासपैकी गुण मिळणाऱ्या यादीत कटऑफच्या आसपास नावे एकेका, दोन-दोन गुणांच्या अंतराने उभी असतात.

आता सोसायटीचे स्थान. रॉयल कॉलेजे (म्हणजे एकेका वैद्यकीय शाखेच्या डॉक्टरांच्या प्रमुख व्यावसायिक संस्था), विशेषज्ञांच्या सोसायट्या आणि इतर काही मान्यताप्राप्त संस्था आपल्या सदस्यांपैकी कोणाला पाठिंबा आहे हे क्रमवारी लावून कळवू शकतात आणि सोबत शिफारसपत्र देऊ शकतात. सोसायटीच्या शिफारशीशिवायही अर्ज करता येतो आणि पुरस्कारही मिळू शकतो. पण शिफारस असलेला अर्ज वाचणाऱ्याच्या हातात वेगळ्या वजनाने येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. या व्यवस्थेमागचा विचार मला आजही योग्य वाटतो. प्रादेशिक उपसमितीत मनोविकारतज्ज्ञ असतो, शल्यचिकित्सक असतो, निवृत्त बँक अधिकारी असतो. भूलशास्त्रातली एखादी गोष्ट नवी आहे की दहा वर्षे सगळीकडे चालत आलेली आहे, हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. ते सांगणे हे त्या शाखेच्या सोसायटीचे काम आहे. सोसायटीने तेवढे सांगितले नाही, तर तिच्या शिफारशीला वेगळा अर्थ उरत नाही.

पहिला अर्ज

अर्जदार डॉक्टरांनी एमबीबीएस सोलापुरात केले, एमडी महाराष्ट्रातच, आणि मग त्या इंग्लंडला आल्या. जिल्हा रुग्णालयातली नोकरी, दोन मुले, काही वर्षे आठवड्यातून साडेतीन दिवसांचे काम. सोसायटीच्या सदस्यत्वाची वर्गणी त्यांनी नियमित भरली होती, पण वार्षिक परिषदेला त्या गेल्या नव्हत्या. परिषदेच्या दिवसांत जे सहकारी जात त्यांच्या ड्युट्या त्या करत असत.

त्यांचे खरे काम खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांसाठी होते. ब्रिटनमध्ये वर्षाला असे सुमारे ६५ ते ७० हजार रुग्ण येतात. यांच्या उपचारांची नोंद ‘नॅशनल हिप फ्रॅक्चर डेटाबेस’मध्ये २००७ पासून होते, आणि २०१० पासून इंग्लंडमध्ये ३६ तासांच्या आत शस्त्रक्रिया होणे हा रुग्णालयाला मिळणाऱ्या वाढीव मोबदल्याच्या अटींपैकी एक आहे. पण ३६ तास म्हणजे दीड दिवस. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या आजी ट्रॉलीवर पडून आहेत, कूस बदलली तरी कळ उठते आहे, आणि मॉर्फीन दिले तर गुंगीत भ्रमिष्टासारख्या बोलू लागतात, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला दीड दिवस किती मोठा असतो हे वेगळे सांगावे लागत नाही. यावर उपाय आहे. मांडीच्या वरच्या भागात, फॅशिया इलियाका नावाच्या पडद्याखाली भुलीचे औषध सोडले की त्या भागातल्या नसा काही तास बधिर होतात आणि मॉर्फीनची गरज कमी होते. हा ‘ब्लॉक’ भूलतज्ज्ञांना नवा नव्हता. अडचण अशी होती की रुग्ण रात्री अडीच वाजता आपत्कालीन विभागात येतो आणि भूलतज्ज्ञ त्या वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेला असतो. अर्जदार डॉक्टरांनी तिथल्या परिचारिका आणि कनिष्ठ डॉक्टरांना हा ब्लॉक सुरक्षितपणे द्यायला शिकवले, त्यासाठी एका पानाची कार्यपद्धती लिहिली, आणि ती पाळली जाते की नाही हे वर्षानुवर्षे तपासले.

हे सारे मी आज सांगू शकतो. २०१९ च्या त्यांच्या अर्जात ते एवढेच होते : ‘आमच्या विभागाने खुब्याच्या फ्रॅक्चरच्या रुग्णांसाठी वेदनाशमनाची सुधारित पद्धत सुरू केली असून तिचा रुग्णांना चांगला लाभ झाला आहे.’

या वाक्यात वर्ष नाही. कोणी केले ते नाही. आधी काय होते आणि नंतर काय झाले, तेही नाही. समितीतील आम्हा बहुतेकांनी ‘सेवा विकसित करणे’ या विभागात २ गुण दिले. मीही २ दिले. अध्यापनात त्यांनी ‘नियमित प्रशिक्षण’ लिहिले होते, कोणाला आणि कशाचे ते नव्हते. संशोधन जवळजवळ नव्हते. नेतृत्वाच्या रकान्यात एकही राष्ट्रीय पद नव्हते. दोन ओळी आम्हाला आवडल्या, त्या रुग्णांच्या अभिप्रायाच्या होत्या. तिथे ६ मिळाले.

बैठकीत गुणांची बेरीज पडद्यावर आल्यानंतर आमच्याकडे एक जुनी रीत होती. अध्यक्ष एकेक नाव वाचत आणि विचारत, ‘यांच्या कामाविषयी कोणाला प्रत्यक्ष माहिती आहे का?’ ज्यांच्याविषयी कोणी बोलले त्यांच्यावर चर्चा होई आणि सीमेवरचे नाव कधी वर सरके. त्यांच्या नावाला सातही जण गप्प राहिलो. ते शांत क्षण मला नीट आठवतात, कारण नाव मराठी होते आणि मी वर पाहिले होते. मी त्यांना ओळखत नव्हतो, त्यामुळे माझ्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. आणि केवळ आडनाव पाहून तोंड उघडणे मला गैर वाटले असते. आजही वाटते. पुढच्या नावाला मात्र तिघे बोलले.

आम्हाला प्रत्येक स्तरासाठी मोजकीच नावे पाठवता येत. त्या बाहेर राहिल्या. पाठिंब्याविना त्यांनी अर्ज केला आणि पुरस्कार मिळाला नाही. त्यांना सोसायटीकडून दोन ओळींचा ईमेल गेला : स्पर्धा तीव्र होती, पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा.

कपाटाच्या दाराची आतली बाजू

त्याच वर्षी हिवाळ्यात, पहाटे चारच्या सुमारास, मला माझ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात बोलावले. एका वृद्ध गृहस्थांचे खुब्याचे हाड मोडले होते आणि ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असल्याने ब्लॉक द्यावा की नाही, याबद्दल परिचारिकेला शंका होती. तिने सुया आणि औषधे ठेवलेले कपाट उघडले. दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेला एक कागद चिकटवलेला होता. तो मी अनेकदा पाहिला असेन, पण वाचला त्या रात्री. वजनानुसार औषधाची मात्रा, ब्लॉक कोणाला देऊ नये, दिल्यानंतर किती वेळ रुग्णाजवळ थांबायचे, औषध चुकून रक्तात गेले तर लागणारे लिपिड इमल्शन कोणत्या खणात आहे. थकलेल्या माणसाला पहाटे चार वाजता जे आणि ज्या क्रमाने लागते, ते त्या क्रमाने लिहिलेले होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयीची ओळ ठळक होती आणि तिने आमचा प्रश्न सोडवला.

तळाशी अगदी बारीक अक्षरांत दुसऱ्याच रुग्णालयाचे नाव होते, ‘आवृत्ती ३’ असे होते, आणि तयार करणाऱ्याची आद्याक्षरे होती. ती आद्याक्षरे आणि ते रुग्णालय मला आठवायला दोन मिनिटे लागली.

सकाळी मी आमच्या आपत्कालीन विभागातल्या सहकाऱ्याला विचारले. त्याने हा कागद आधीच्या नोकरीच्या ठिकाणाहून आणला होता. तिथे तो आणखी कुठून तरी आला होता. मी ही गोष्ट समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घातली, आणि तेव्हा दुसरी बाब समोर आली, जी मला अधिक लागली. २०१९ मध्ये आम्ही वरच्या क्रमांकावर पाठवलेल्यांपैकी दोघांच्या अर्जात आपल्या रुग्णालयात अशीच ब्लॉकची पद्धत सुरू केल्याचा उल्लेख होता, आणि त्याला आम्ही ६ आणि १० गुण दिले होते. अध्यक्षांनी दोघांना विचारले. दोघांनीही मोकळेपणाने सांगितले की मूळ पान बाहेरून मिळाले होते. एकाला ते नेमके कोणाचे, हेही माहीत नव्हते. त्यांनी काहीही खोटे लिहिले नव्हते. चांगली पद्धत आपल्या रुग्णालयात रुजवणे हे खरेच श्रेयाचे काम आहे, आणि ते त्यांनी तारखांसह, आकड्यांसह, स्वतःच्या नावावर नीट मांडले होते. पण परिणाम असा झाला की ज्यांनी ती पद्धत उचलली त्यांना सोसायटीने वर ठेवले आणि ज्यांनी ती तयार केली त्यांना यादीबाहेर ठेवले. भूलशास्त्राच्या आमच्या कोपऱ्यात नवे काय आणि ते कोणाचे, हे सांगण्यासाठीच आम्हाला मान्यता होती, आणि तेवढेच आम्हाला सांगता आले नाही.

चूक कुठे झाली

समितीत पहिली प्रतिक्रिया अशी आली की अर्जदाराने नीट लिहायला हवे होते. यात तथ्य आहे. गुण कागदावरच्या पुराव्याला मिळतात, आणि तसेच असायला हवे. नाहीतर आपण पुन्हा कुजबुजीच्या काळात जाऊ. पण एवढ्यावर थांबणे मला मान्य नव्हते आणि मी ते लेखी कळवले.

माझे म्हणणे असे होते की आमची पद्धत दोन्हीकडून अर्धवट होती. सुरुवातीला आम्ही नुसता कागद वाचत होतो, म्हणजे प्रादेशिक उपसमिती जे करणारच होती तेच आधी करत होतो. आणि शेवटी, सीमेवरच्या नावांसाठी, ओळखीला वाव देत होतो. शाखेचे ज्ञान जिथे वापरायला हवे होते तिथे आम्ही ते वापरले नाही. हिप फ्रॅक्चर डेटाबेसमधील रुग्णालयनिहाय आकडे सर्वांना पाहता येतात. अर्जदारांच्या रुग्णालयाची कामगिरी कोणत्या वर्षापासून सुधारत गेली, हे आमच्यापैकी कोणीही दहा मिनिटांत काढू शकला असता. कोणी काढले नाही, कारण असे करणे समितीच्या कामात मोडते असे आम्ही मानतच नव्हतो.

‘यांना कोणी ओळखते का?’ हा प्रश्न तर उघड अन्यायाचा होता. परिषदेला जाणारे, राष्ट्रीय समित्यांवर बसणारे, मोठ्या अध्यापन रुग्णालयांत काम करणारे ओळखीचे असतात. अर्धवेळ काम करणारी, जिल्हा रुग्णालयातली, परदेशात शिकलेली व्यक्ती ओळखीची असण्याची शक्यता कमी. हे निरीक्षण माझे एकट्याचे नाही. अनीझ इस्माइल, सॅम एव्हरिंग्टन आणि हेलन डॉयल यांनी १९९८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जुन्या पुरस्कारांची यादी वंशानुसार तपासली होती आणि गोऱ्या डॉक्टरांना ते पुरस्कार कितीतरी अधिक प्रमाणात मिळत असल्याचे दाखवले होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये प्राध्यापक जेन डेकर यांच्या नेतृत्वाखालील अहवालाने रुग्णालयीन डॉक्टरांमध्ये स्त्री-पुरुष मिळकतीतील तफावत, कामाचे तास जमेस धरूनही, १८.९ टक्के असल्याचे सांगितले, आणि हे पुरस्कार त्या तफावतीच्या कारणांपैकी एक म्हणून नोंदवले. स्त्रिया अर्जच कमी करतात, हा त्यातला मोठा भाग आहे. म्हणून अर्ज आलेल्यांत आपण न्याय केला एवढ्याने सोसायटीचे काम पूर्ण होत नाही. जे अर्ज करत नाहीत त्यांच्यापर्यंत तिने जायला हवे.

दुसरा अर्ज

२०२० ची फेरी कोविडमुळे रद्द झाली. ते वर्ष भूलतज्ज्ञांनी अतिदक्षता विभागांत काढले; पुरस्काराचा विचार कोणाच्या मनात नव्हता. पण त्याच वर्षाच्या अखेरीस, ऑनलाइन बैठकांत, समितीने काही बदल मान्य केले. ओळखीचा प्रश्न बंद झाला. कोणाला काही सांगायचे असेल तर ते गुणांकनाआधी लेखी, सर्वांना दिसेल असे आणि पडताळता येईल असेच सांगायचे. नाव न गेलेल्या प्रत्येकाला विभागवार लेखी अभिप्राय द्यायचा. समितीत एक नागरिक सदस्य घ्यायचा. आणि दर शरद ऋतूत प्रत्येक प्रदेशातील प्रतिनिधीने अशी दोन नावे कळवायची, ज्यांनी अर्ज करायला हवा पण जे करणार नाहीत.

मी अध्यक्षांच्या परवानगीने अर्जदार डॉक्टरांना फोन केला. मदत करणार असल्याने त्या वर्षीच्या त्यांच्या गुणांकनात मी भाग घेणार नाही, हे आधीच नोंदवून ठेवले होते. फोनवर त्या पहिल्यांदा नाही म्हणाल्या. ‘सर, एकदा झालं ना. आता पुन्हा स्वतःची टिमकी कशाला वाजवायची?’ मग मी त्यांना कपाटाच्या दारावरच्या कागदाबद्दल सांगितले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारले, ‘कोणती आवृत्ती आहे तुमच्याकडे? तिसरी? ती बदला. चौथ्या आवृत्तीत वजनाचा तक्ता दुरुस्त केलाय.’ अर्ज करायला लावण्यासाठी गळ घालत असलेल्या माणसाला मिळालेले ते उत्तर मी विसरणार नाही. दुसऱ्याच दिवशी चौथी आवृत्ती ईमेलने आली आणि आठवड्यात आमच्या कपाटावर लागली.

अर्ज लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला तो एका शब्दावर. त्या प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू करत. आपल्याकडे घरात आणि शाळेत तेच शिकवले जाते. ‘मी केले’ म्हणणाऱ्याला मोठी माणसे टोकतात. मी त्यांना सांगितले की फॉर्म वाचणाऱ्याला ‘आम्ही’मधला तुमचा वाटा कळत नाही, आणि कळला नाही की तो २ गुण देतो. त्यांचा आक्षेप साधा होता : परिचारिका शिकल्या नसत्या तर माझ्या कागदाचा काय उपयोग होता? शेवटी आम्ही असे ठरवले की जे त्यांनी एकट्याने केले तिथे ‘मी’, जे त्यांनी इतरांकडून करवून घेतले तिथे ‘मी प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकांनी’, आणि जे खरोखर सर्वांचे होते तिथे ‘आम्ही’च. अर्ज त्यामुळे अधिक खरा झाला, असे माझे मत आहे.

२०२१ च्या अर्जातले तेच वाक्य आता चार वाक्यांचे झाले होते. कार्यपद्धती कोणत्या वर्षी लिहिली, किती जणांना शिकवले, पोचल्यापासून ब्लॉक मिळेपर्यंतचा वेळ आधी किती होता आणि नंतर किती झाला, शेजारी त्याच वर्षाची राष्ट्रीय सरासरी, आणि ही पद्धत आणखी कोणत्या रुग्णालयांत वापरली जाते. शेवटच्या मुद्द्यासाठी त्यांनी पंधरवडाभर फोन करून प्रत्येक ठिकाणाहून लेखी खात्री मागवली. त्यांना स्वतःलाही यादी एवढी लांब निघेल याची कल्पना नव्हती. सोसायटीच्या शिफारसपत्रात, जे माझ्या एका सहकाऱ्याने लिहिले, मुख्य वाक्य एकच होते : ही पद्धत या डॉक्टरांची आहे, तिचा प्रसार झाल्याचे आम्ही स्वतः पडताळले आहे. मनोविकारतज्ज्ञाला किंवा निवृत्त बँक अधिकाऱ्याला जे कळणे शक्य नव्हते ते सांगण्याचे काम सोसायटीने या वेळी केले.

नाव क्रमवारीत वर गेले. त्या वर्षी त्यांना ब्राँझ मिळाले.

यानंतरची स्थिती

२०२१ ची फेरी त्या योजनेची शेवटची ठरली. २०२२ पासून ‘नॅशनल क्लिनिकल इम्पॅक्ट अवॉर्ड’ ही योजना आली. इंग्लंडमध्ये आता २०, ३० आणि ४० हजार पौंडांचे तीन स्तर आहेत, वेल्समध्ये त्याखाली १० हजारांचा आणखी एक. रक्कम कमी, पण पुरस्कार अधिक, इंग्लंडमध्ये वर्षाला ६०० पर्यंत. रक्कम निवृत्तिवेतनात धरली जात नाही आणि पाच वर्षांनी नूतनीकरण नाही, पुन्हा नव्याने अर्ज. अर्धवेळ काम करणाऱ्यांना पूर्वी कामाच्या तासांच्या प्रमाणात रक्कम मिळे, आता पूर्ण मिळते. हा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अर्जाच्या विभागांत ‘अतिरिक्त राष्ट्रीय प्रभाव’ असा स्वतंत्र रकाना आला आहे. एका रुग्णालयातून निघून कपाटांच्या दारांवर पोचलेला कागद त्यात नेमका बसतो, मात्र तो पोचल्याचे कोणीतरी शोधून लिहायला हवे.

भारतीय वंशाच्या डॉक्टरांसाठी आणखी एक मार्ग आहे, जो अर्जदार डॉक्टरांना २०१९ मध्ये माहीत नव्हता. १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘बापियो’ ही ब्रिटनमधील भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना आणि स्त्री डॉक्टरांची ‘मेडिकल विमेन्स फेडरेशन’ याही आपल्या सदस्यांना पाठिंबा देतात. एका डॉक्टरला एकाहून अधिक संस्थांचा पाठिंबा मागता येतो. तरी मी असेच म्हणेन की ब्लॉकची पद्धत नवी होती की नाही, हे ओळखण्याची जबाबदारी भूलशास्त्राच्या सोसायटीचीच होती, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

एक गोष्ट या प्रकरणाने सुटली नाही, आणि ती मला अस्वस्थ करते. २०१९ मध्ये त्यांच्याबरोबर यादीबाहेर राहिलेले इतर अर्जदार होते. त्यांचे अर्ज आम्ही नियमाप्रमाणे नष्ट केले होते. त्यांच्यापैकी दोघांनी नंतर अर्ज केला नाही, आणि एकांनी सोसायटी सोडली. त्यांच्या कामाचा एखादा कागद कोणत्या कपाटावर आहे का, हे तपासण्याची संधी आम्ही घालवली आहे. अशा सर्वांना गेल्या काही वर्षांत मी स्वतः पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले.

अर्जदार डॉक्टरांच्या पुरस्काराची पाच वर्षांची मुदत २०२६ पर्यंतची. आता त्या त्यांच्या प्रदेशाच्या प्रतिनिधी आहेत आणि दर शरद ऋतूत दोन नावे पाठवणे हे त्यांचे काम आहे. पहिल्याच वर्षी त्यांनी पाच पाठवली. प्रत्येक नावाखाली, त्या व्यक्तीने काय केले ते, वर्षासह, तीन ओळींत लिहिलेले होते.